‘आठ’ की ‘साठ’? हॅम रेडिओचा आवाज सुधारताना

मोहोळ : सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराची झळ मोहोळ तालुक्यातील नदीकाठच्या गावांना बसली. अशा आपत्तीत वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे बंद पडले, तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा हॅम रेडिओ हे संदेशवहनाचे एक खात्रीचे साधन ठरते. मात्र ‘साठ माणसे अडकली आहेत’ हा निरोप पलीकडे ‘आठ’ असा ऐकू गेला, तर किती बोटी पाठवायच्या याचा हिशेबच चुकतो. ट्रान्सीव्हरमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या दर्जाकडे म्हणूनच केवळ हौस म्हणून पाहता येत नाही.

सोलापूरच्या शेजारील लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांना ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी भूकंपाने हादरवले, तेव्हा हॅम मंडळींनी संदेशवहनास हातभार लावला होता. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर अंदमानातून भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओद्वारे पाठवलेले निरोप अनेक कुटुंबांना दिलासा देणारे ठरले.

आवाज अरुंद वाटेने जातो

लघुलहरींवरील हॅम संभाषणासाठी प्रामुख्याने ‘सिंगल साइडबँड’ म्हणजे एसएसबी पद्धत वापरतात. तीत वाहक लहर आणि ध्वनीचा एक पट्टा दाबून टाकला जातो. त्यामुळे सर्व शक्ती उरलेल्या पट्ट्यात वापरता येते आणि जागाही कमी लागते. त्याची किंमत म्हणजे आवाज साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रतांत बसवावा लागतो. ट्रान्सीव्हरमधील क्रिस्टल फिल्टर ही मर्यादा घालतो.

मानवी आवाजातील बरीचशी ऊर्जा खालच्या कंप्रतांत असते. शब्द ओळखण्यास लागणारी व्यंजने मात्र मुख्यतः १००० हर्ट्झच्या वर असतात. ‘स’ या ध्वनीचा मोठा भाग तर ४००० हर्ट्झच्याही पलीकडे असल्याने तो फिल्टरमध्येच अडतो. ‘साठ’चा ‘आठ’ होतो तो इथे. ‘सात’ आणि ‘साठ’ यांतील फरकही खरखरीत पुसट होतो. भारदस्त, घुमणारा आवाज कानाला सुखावतो; पण क्षीण संदेश पोहोचवण्यास तो फारसा उपयोगी पडत नाही.

सुधारणा कोठून सुरू करावी?

पहिली पायरी मायक्रोफोनची. संचासोबत आलेला मायक्रोफोन बदलून इलेक्ट्रेट कॅप्सूल बसवणे हा स्वस्त उपाय आहे. हे कॅप्सूल चालण्यास अल्प डीसी व्होल्टेज लागते व ते रेझिस्टरमधून द्यावे लागते. डायनॅमिक मायक्रोफोनला अशा व्होल्टेजची गरज नसते. म्हणून प्रकार बदलण्यापूर्वी संचाचा नकाशा पाहणे आवश्यक आहे.

दुसरी पायरी कपलिंग कपॅसिटरची. पुढील टप्प्याचा रोध १ किलोओहम असेल आणि कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा असेल, तर सुमारे १६०० हर्ट्झखालील ध्वनी क्षीण होऊ लागतात व आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. तेथे ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला की ही मर्यादा सुमारे ३४० हर्ट्झवर येते. यापेक्षा मोठा कपॅसिटर घालून फारसा लाभ नाही. पंख्याची घरघर मात्र आत शिरते.

तिसरी पायरी वाहक आंदोलकाच्या जुळवणीची. या आंदोलकाची कंप्रता फिल्टरच्या कडेपासून फार दूर गेली तर आवाज बारीक होतो. फार जवळ आली तर वाहक लहर पुरेशी दबत नाही. ट्रिमर थोडा थोडा फिरवून मधला बिंदू शोधावा लागतो. हैदराबादचे अश्हर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा राहील असा ‘बिटएक्स’ ट्रान्सीव्हर तयार केला. २०१६ मध्ये आलेला ‘बिटएक्स ४०’ हा त्याचाच ४० मीटर पट्ट्यासाठीचा, सुमारे ७ वॉटचा संच होय. मंडल उघडे आणि नकाशा सर्वांना उपलब्ध असल्याने असे बदल शिकण्यास हा संच सोयीचा ठरतो.

गुणगुण आणि फाटलेला आवाज

पुष्कळदा दोष मायक्रोफोनचा नसतोच. पॉवर सप्लायची गुणगुण अर्थिंगच्या वेटोळ्यातून आवाजात मिसळते. संगणक किंवा मिक्सर जोडला असल्यास मध्ये एकास एक गुणोत्तराचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातल्यास ती थांबू शकते. बोलताना आवाज फाटत असेल, तर ॲन्टेनातील रेडिओ लहरी मायक्रोफोनच्या वायरीतून परत आत येत असण्याची शक्यता असते. वायरीवर फेराइट मणी आणि मायक्रोफोनच्या टोकाशी छोटा सिरॅमिक कपॅसिटर हा त्यावरचा प्रचलित उपाय आहे.

‘माइक गेन’ वाढवणे हा मात्र उपाय नव्हे. मर्यादेबाहेर गेन वाढवल्यास आवाज विकृत होतो आणि शेजारच्या कंप्रतांवर सांडतो. स्पीच कॉम्प्रेसरने सरासरी शक्ती वाढते. पण त्याचा अतिरेक झाला की श्वास, पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्नही शब्दांइतकेच मोठे ऐकू येतात.

काही हौशी मंडळी फिल्टर रुंद करून ३ ते ६ किलोहर्ट्झ पट्टारुंदीचा आवाज प्रसारित करतात. त्यास ‘एन्हान्स्ड एसएसबी’ म्हणतात. ऐकण्यास तो सुखद असला, तरी भारतात ४० मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. गर्दीच्या वेळी एकाने दोघांची जागा अडवणे शिष्टाचारास धरून नाही.

चाचणी आणि नियम

बदल केल्यावर थेट ॲन्टेनावर चाचणी घेऊ नये. ५० ओहमचा डमी लोड जोडून दुसऱ्या रिसीव्हरवर, हेडफोन लावून, स्वतःचा आवाज ऐकावा व ध्वनिमुद्रित करावा. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कशाने काय झाले ते कळते. त्यानंतर दूरच्या केंद्रावरील सहकाऱ्याचे मत घ्यावे.

प्रक्षेपणासाठी केंद्र सरकारच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंगचा परवाना अनिवार्य आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना परीक्षा देऊन तो मिळवता येतो. संच कितीही बदलला, तरी परवान्यातील कंप्रता व शक्तीची मर्यादा बदलत नाही.

यंत्र सुधारल्यावरही अखेरची जबाबदारी बोलणाऱ्याची राहते. मायक्रोफोन तोंडापासून ठरावीक अंतरावर धरावा, सावकाश बोलावे आणि आकडा दोनदा सांगावा : ‘साठ, सहा, शून्य’. फिल्टरमध्ये अडकलेला ‘स’ पलीकडे पोहोचला नाही, तरी ‘शून्य’ ऐकू येतो आणि आकडा चुकत नाही.