मुलाचा दिवस कोणाचा?



आपल्याकडे शाळेचे वर्ष दोनदा सुरू होते. जूनमध्ये पहिले सत्र सुरू होते तेव्हा दाराला तोरण लागते, नवी पुस्तके मिळतात, गुरुजी पहिलीच्या मुलांना फूल देऊन आत घेतात. दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होते तेव्हा तोरण नसते. पण शाळा खरोखर गावातल्या सर्व मुलांची आहे काय, याची परीक्षा त्या दुसऱ्या दिवशी होते. जूनमध्ये पटावर असलेली किती मुले दिवाळीनंतर वर्गात परत येतात, हा तो प्रश्न.

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे तासांचा हिशेब मांडायला शिकलेली. म्हणून शाळेचा इतिहासही आम्हाला त्याच हिशेबाने वाचावासा वाटतो. मुलाला दिवसाचे तास असतात थोडे. त्यांवर शेत हक्क सांगते, गिरणी सांगते, शाळाही सांगते. जो प्रबळ असेल तो ते घेऊन जातो.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच निवेदनातल्या दुसऱ्या एका मुद्द्याकडे आपले लक्ष कमी जाते. गरीब शेतकरी मूल शाळेत का घालीत नाही, याचे कारण जोतीरावांनी आळस किंवा अडाणीपणा असे दिले नाही. घरची गरिबी इतकी की गुरे राखायला आणि शेत सांभाळायला ते मूल लागते, असे त्यांनी सांगितले. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही. शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्या, असा उपाय त्यांनी सुचविला. सक्ती हवीच, पण मूल शाळेत गेल्याने घरात जी तूट येते तिची भरपाईही हवी, असा हा विचार होता.

तिकडे शहरात काय चालले होते? १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. नऊ तास यंत्रापाशी उभे राहिलेल्या मुलाने मग कोणत्या शाळेत जायचे? १८८४ साली जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. साप्ताहिक सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले. बापालाच विसावा नव्हता तिथे पोराच्या पाटीकडे पाहणार कोण?

१८९१ च्या कायद्याने किमान वय नऊवर नेले आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तास ठरविले. १९११ साली कापडगिरण्यांत मुलांचे तास सहावर आले. म्हणजे दिवसाचा काही भाग मोकळा झाला. नेमक्या त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदे मंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी माफक होती : सहा ते दहा वर्षांची मुले, तीही जिथे स्थानिक संस्था पुढे येतील तिथेच, आणि ज्याची मासिक कमाई दहा रुपयांहून कमी त्याच्याकडून फी घ्यावयाची नाही. १९१२ च्या मार्चमध्ये हे विधेयक तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. विरोध सरकारचा होता तसा जमीनदारांचाही होता. पोरे शाळेत गेली तर शेताला हात कुठून आणावयाचे, ही त्यांची चिंता. मुलाचे तास सोडायला कोणी राजी नव्हते.

संस्थानांत मात्र वेगळे घडले. बडोद्याला सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ साली सक्ती राज्यभर नेली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. मूल न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही गरिबाला जड रक्कम होती. पण दंडाबरोबर शाळा काढण्याची आणि ती फुकट चालविण्याची जबाबदारी दरबाराने स्वतःवर घेतली, हे विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या राज्यघटनेने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला. ती दहा वर्षे उलटून गेली. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली, आणि त्याचा कायदा २००९ साली होऊन १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळा घराजवळ असावी, हे त्यातले मोठे तत्त्व.

आता दिवाळीनंतरच्या शाळेकडे वळू. बीडसारख्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि तोडलेल्या टनावर मजुरी ठरते. अशा घरात मूल मागे ठेवावे तर सांभाळणार कोण, आणि बरोबर न्यावे तर वाढे बांधायला आणि धाकट्याला राखायला त्याचा हात लागतो. हंगाम चार-पाच महिने चालतो. दुसरे सत्र जवळजवळ त्यातच संपते. कायद्याने शाळा घराजवळ आणली खरी, पण इथे घरच फडावर जाते.

उपाय झाले नाहीत असे नाही. कारखान्याच्या आवारात साखरशाळा निघाल्या. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. स्थलांतर करणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रक आले. २०२१ साली शासकीय वसतिगृहांची योजना झाली. परंतु २०१६ साली बालमजुरीचा कायदा सुधारताना चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाची बंदी केली, आणि शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत कुटुंबाच्या उद्योगाला मदत करण्याची मोकळीकही ठेवली. फडावरच्या मुलाला कोणी विचारले तर तो आईबापाला मदतच करीत असतो. त्याचे नाव मस्टरवर नाही आणि त्याला मजुरीही नाही. गिरणीतल्या पोराचे तास निदान कायद्याच्या पुस्तकात मोजले जात. याचे कोणीच मोजत नाही.

या इतिहासातून आम्हाला एकच गोष्ट दिसते. शाळेचा कायदा आणि श्रमाचा कायदा हे एकाच गाडीचे दोन बैल आहेत. एकाला जुंपून दुसऱ्याला मोकळा सोडला की गाडी जागच्या जागी फिरते. टनाचा दर दोन माणसांच्या पोटाला पुरेल असा मिळाला, उचलीचा फास सैल झाला आणि वसतिगृह कोयता उचलण्यापूर्वी उघडले, तर बाप मुलाला आपण होऊन मागे ठेवील. ते वसतिगृह टोळ्या निघून गेल्यावर उघडून उपयोग नाही. दंड करून किंवा उपदेश करून ते मूल शाळेत बसणार नाही, हे जोतीरावांनी १८८२ सालीच सांगून ठेवले आहे.

आपण शहरातली माणसे या जूनमध्ये आपल्या मुलांचे बोट धरून शाळेच्या दारापर्यंत जाऊ. जरूर जावे. पण आपल्या चहातली साखर ज्यांच्या हातून येते त्यांचीही मुले त्याच दिवशी कुठल्याशा गावी अशाच दारात उभी असतील. ती दिवाळीनंतरही तिथे असावीत, ही मागणी त्यांच्या आईबापांच्या संघटनेने करावयाची आहेच. तिच्यामागे आपलाही आवाज असला पाहिजे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.