फॅक्टरी, वखार आणि कारखाना: अर्थ बदललेल्या शब्दांचा इतिहास

१/ इ.स. १६१३ मध्ये इंग्रजांनी सुरतेत ‘फॅक्टरी’ स्थापन केली, असे वाचताच डोळ्यांपुढे धुराडी आणि यंत्रे उभी राहतात. प्रत्यक्षात ते माल बनवण्याचे नव्हे, तर व्यापाराचे ठाणे होते.

२/ शब्दाचे मूळ ‘करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणारा तो ‘फॅक्टर’. तो जेथे राही, माल साठवी आणि हिशेब ठेवी, ती फॅक्टरी. पोर्तुगीज अशा ठाण्यास ‘फेतोरिया’ म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीत तर फॅक्टर हा रायटरच्या, म्हणजे कारकुनाच्या, वरचा हुद्दाच होता.

३/ मराठीत या ठाण्यासाठी नेमका शब्द होता: वखार. सुरतेच्या वखारीतून कापड आणि नीळ जहाजांवर चढे.

४/ हा भेद केवळ शब्दांचा नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी त्याला दारूगोळा दिला आणि स्वतःही गडावर मारा केला. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन साथीदारांसह कैद झाला. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली.

५/ या प्रसंगाला ‘कारखान्यावरील छापा’ म्हटले, तर मर्मच हरवते. व्यापारासाठी आलेले लोक युद्धात उतरले, म्हणून त्यांना शासन झाले.

६/ शिवाय ‘कारखाना’ या शब्दाचाही तेव्हाचा अर्थ निराळा. मराठेशाहीतील ‘अठरा कारखाने’ ही राज्याची खाती आणि कोठारे होती: तोफखाना, हत्तींचा पीलखाना, धान्याचा अंबारखाना इत्यादी.

७/ यंत्रयुगात इंग्रजी शब्दाचा रोख उत्पादनाकडे वळला. १८८१ च्या भारतीय फॅक्टरी कायद्यात तो याच नव्या अर्थाने येतो. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्या कायद्याने मनाई केली. आता फॅक्टरी म्हणजे मुंबईच्या गिरणीसारखी जागा होती.

८/ विल्यम फॉस्टर यांनी संपादित केलेले ‘द इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया’ हे खंड म्हणूनच उद्योगांचा इतिहास नव्हेत. ती वखारींच्या पत्रव्यवहाराची साधने आहेत. सतराव्या शतकातील कागद वाचताना शब्दाला आजचा नव्हे, त्या काळचा अर्थ द्यावा. अन्यथा वखारीत गिरणी दिसू लागते आणि व्यापाऱ्यांचे राजकारण नजरेतून निसटते.