३ एप्रिल १८६२ : पावाचा चोर पॅरिसमध्ये

व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझराब्ल’चा पहिला भाग या दिवशी पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. बहिणीच्या उपाशी पोरांसाठी ज्याँ व्हालज्याँ पाव चोरतो. शिक्षा ५ वर्षांची, पण पळण्याच्या प्रयत्नांपायी ती १९ वर्षांवर जाते. सुटल्यावर त्याच्याजवळ सुटलेल्या कैद्याचा पिवळा परवाना असतो, म्हणून खानावळवालेही त्याला दारातून हाकलतात. त्याच्यासाठी पान वाढतो तो एक म्हातारा बिशप. सोहराब मोदींचा ‘कुंदन’ (१९५५) याच कथेवरचा. त्याआधी साने गुरुजींनी ती ‘दुःखी’ या नावाने मराठीत आणली होती. धुळ्याचा तुरुंग भोगलेल्या गुरुजींना हा कैदी परका वाटलाच नसणार. अस्पृश्य ठरवलेल्यांना विठ्ठलमंदिर खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ रोजी तेच पंढरपुरात उपोषणाला बसले.