पलूसहून कोल्हापूरला जाताय? मग खासबाग मैदान बघूनच या!

पलूस तालुक्यातल्या लोकांना कुस्तीचं मैदान म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तालुक्यातल्याच कुंडलला दरवर्षी मोठं मैदान भरतं. पण फक्त कुस्तीसाठी 100 वर्षांपूर्वी बांधलेलं पक्कं स्टेडियम बघायचं असेल, तर कोल्हापूरला जायला हवं. त्याचं नाव राजर्षी शाहू खासबाग मैदान.

रोममध्ये सुचलेली कल्पना

1902 साली छत्रपती शाहू महाराज इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहण सोहळ्यासाठी युरोपला गेले होते. त्या दौऱ्यात त्यांनी रोममधलं प्राचीन गोलाकार क्रीडागार, म्हणजे कलोसियम पाहिलं. महाराज स्वतः कुस्ती खेळायचे. असं मैदान आपल्या पैलवानांसाठी हवं, हे त्यांच्या मनात बसलं. 1912 मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं.

या मैदानात वेगळं काय आहे?

सगळी गंमत रचनेत आहे. मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याच्याभोवती गोलाकार, बाहेरच्या बाजूला चढत जाणारी बैठक. त्यामुळे पुढच्याच्या डोक्याआड कुस्ती जात नाही. सगळ्यात मागे बसलेल्या माणसालाही डाव दिसतो. इथे सुमारे 30 हजार लोक बसू शकतात, असं सांगितलं जातं. मैदानात मोठा पडदा आणि कॅमेरे नसायचे, त्या काळात हा विचार झाला होता, हे विशेष.

इथे कोण कोण लढलं?

देशभरातले नामांकित मल्ल इथे उतरले. 1976 मध्ये युवराज पाटील यांनी दिल्लीच्या सतपाल यांना याच मैदानात हरवलं. ती कुस्ती आजही पारावर बसलेली जुनी मंडळी रंगवून सांगतात. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने यांच्या कुस्त्याही इथे गाजल्या. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारे मल्ल ते हेच. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव साताऱ्याच्या गोळेश्वरचे, पण शिक्षण आणि कुस्तीसाठी त्यांनीही कोल्हापूरच गाठलं होतं.

2024 मध्ये काय झालं?

मैदानाला लागूनच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे. तेही शाहू महाराजांनीच बांधलं. 1915 मध्ये ते सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव होतं पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली आणि नाट्यगृहाला चिकटून असलेलं खासबाग मैदानाचं व्यासपीठही त्यात जळालं. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसले यांची जयंती होती. जळालेली वास्तू बघायला आलेल्या अनेक कलाकारांना आणि कोल्हापूरकरांना अश्रू आवरले नाहीत. त्यानंतर नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचं काम हाती घेण्यात आलं.

जायचं कसं?

रेल्वेने जायचं तर किर्लोस्करवाडी स्थानक जवळ आहे. तिथून मिरजमार्गे कोल्हापूर गाठता येतं. एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने सांगली, हातकणंगले मार्गे जाता येतं. मैदान शहराच्या मध्यभागी आहे. अंबाबाईचं दर्शन घेऊन चालत तिथे पोहोचता येतं. शेजारीच खाऊगल्ली असल्यामुळे पोटाचीही सोय होते.

जाताना हे लक्षात ठेवा

- रिकामं मैदान बघायचं असेल तर सकाळी जा. दरवाजा बंद दिसला तर तिथल्या लोकांना विचारा.
- हौद्यात चप्पल-बूट घालून उतरू नका. पैलवान आधी मातीला हात लावून नमस्कार करतो, मगच आत पाऊल टाकतो. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवली जाते.
- मैदान भरणार असेल तर लवकर जा आणि मधल्या उंचीवर जागा धरा. छोट्या पोरांच्या कुस्त्या आधी लागतात, मोठी जोड शेवटी सुटते.
- वेळ असेल तर गंगावेस, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालीम बघा. आत जाण्याआधी वस्तादांची परवानगी घ्या.

बघायला का जायचं?

आज स्पर्धेची कुस्ती मॅटवर होते. ऑलिम्पिकचं स्वप्न बघणाऱ्या पोरांना मॅटवरच घाम गाळावा लागतो. म्हणून मातीचं मैदान हे फक्त फोटो काढण्याचं ठिकाण होऊन बसण्याचा धोका आहे. असं मैदान टिकतं ते कुस्त्या लागल्या तर आणि त्या बघायला माणसं आली तर. म्हणून एकदा रिकामं मैदान बघा, आणि पुढच्या वेळी हलगी वाजत असताना या.