परदेशी रंगमंचावर घडलेला मलेशिया

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठात मलेशियन विद्यार्थी पुरेशा संख्येने असतात, तिथे त्यांचे एक मंडळ असते आणि ‘मलेशियन नाइट’ हा त्या मंडळाचा वर्षातला मोठा कार्यक्रम असतो. आपल्या महाविद्यालयांतल्या गॅदरिंगप्रमाणे त्याच्या तालमी चालतात, तिकिटे खपवली जातात, जाहिरातदार शोधले जातात. नासी लेमाक आणि साते यांचे स्टॉल लागतात. रंगमंचावर बेताच्या कथानकाचे एक नाटक असते आणि त्यात मलय जोगेट व झापिन, चिनी सिंहनृत्य, भांगडा, भरतनाट्यम असे सारे गुंफलेले असते. याखेरीज ईद, चिनी नववर्ष आणि दिवाळीला सर्वांना खुले असे जेवण असते. नॉटिंगहॅमला दरवर्षी मलेशियन विद्यार्थ्यांच्या क्रीडास्पर्धा होतात आणि त्यासाठी ब्रिटनभरातून संघ येतात. विद्यार्थ्यांचा इतिहास लिहिणारे या सगळ्याकडे सहसा वळत नाहीत. सभा, पत्रके, मोर्चे आणि अटका हा इतिहास. जेवणे आणि नाच ही करमणूक, अशी त्यांची विभागणी असते. मला ती मान्य नाही. मलय, चिनी, भारतीय आणि बोर्नियोतले लोक मिळून एक देश होतो, या कल्पनेचा सराव सर्वांत सातत्याने झाला तो परदेशातल्या या संध्याकाळींत. तो सराव मायदेशात दुर्मीळ होता, म्हणूनच या कार्यक्रमांना राजकीय इतिहासात जागा मिळायला हवी.

आरंभीच्या काळात करमणूक आणि राजकारण वेगळे नव्हतेच. 1949 मध्ये सिंगापूरला मलाया विद्यापीठ स्थापन होईपर्यंत त्या मुलखात पूर्ण विद्यापीठ नव्हते. वकील व्हायचे तर लंडन गाठावे लागे. तिथे मलय विद्यार्थ्यांची स्वतंत्र संघटना होती, ‘मले सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन’. पुढे मलायाचे पहिले पंतप्रधान झालेले टुंकू अब्दुल रहमान महायुद्धानंतर अपुरे राहिलेले कायद्याचे शिक्षण पुरे करायला लंडनला परतले, तेव्हा तिचे अध्यक्ष झाले. ही संघटना एका समाजाची होती. सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणणारा ‘मलायन फोरम’ 1949 मध्ये निघाला. त्याचे पहिले अध्यक्ष गोह केंग स्वी, साथीला अब्दुल रझाक. बैठका भरत त्या ब्रायनस्टन स्क्वेअरमधल्या मलाया हॉल या विद्यार्थी वसतिगृहात. जानेवारी 1950 मध्ये ली कुआन यू यांनी परतणाऱ्या विद्यार्थ्याच्या जबाबदारीवर गाजलेले भाषण केले ते याच फोरमपुढे. गोह सिंगापूरचे उपपंतप्रधान झाले, ली पंतप्रधान, रझाक मलेशियाचे दुसरे पंतप्रधान. ही भाषणे ऐकायला माणसे जमत ती वसतिगृहात, म्हणजे जिथे घरचे जेवण मिळे आणि घरची भाषा कानावर पडे तिथे. जेवणाची ओढ नसती, तर फोरमला इतका मिश्र श्रोतृवर्ग मिळाला असता का, याची मला शंका आहे. पुढे मलेशिया हॉल बेझवॉटरला हलला, तरी त्याच्या कँटीनची ओढ ओसरली नाही.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र लंडनमध्ये नाही, लिव्हरपूलजवळच्या किर्बीत आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 1962 पर्यंत तिथे मलायातल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय चालले. जागा होती युद्धकाळात दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी उभारलेल्या वसतिगृहाची. अठरा-वीस वर्षांची मुले-मुली मलायातून बोटीने येत आणि दोन वर्षे एकत्र राहत. त्याच वर्षांत मायदेशी काय चालले होते ते पाहिले, की या एकत्र राहण्याचे मोल कळते. 1948 ते 1960 मलायात कम्युनिस्ट बंडाविरुद्ध आणीबाणी होती. सुमारे पाच लाख लोकांना, त्यातही मुख्यतः चिनी शेतकऱ्यांना, उठवून काटेरी कुंपणाच्या ‘नव्या गावां’त वसवले गेले होते. मलय, चिनी आणि तमिळ मुलांच्या शाळा वेगळ्या, भाषा वेगळ्या. एकत्र येत ती फक्त इंग्रजी शाळांत, तीही थोडी. किर्बीत हीच मुले एका छताखाली झोपत, एका मेसमध्ये जेवत, एका संघातून खेळत. आसपासच्या लोकांसाठी ती मलायाच्या नृत्य-संगीताचे कार्यक्रम बसवत. कार्यक्रम ‘मलायाचा’ म्हणून करायचा, तर त्यात कोणाचे काय असावे हे ठरवावे लागते. मलय मुलीच्या नाचाला चिनी मुलाने ढोलकी धरायची, तर त्याला तो ताल शिकावा लागतो. मलाया अजून स्वतंत्र नव्हता, त्याचे राष्ट्रगीत ठरायचे होते आणि नागरिक कोण यावर वाटाघाटी चालू होत्या. तेव्हा या मुलांनी आपल्यापुरते त्या प्रश्नाचे उत्तर रंगमंचावर देऊन टाकले होते. 1956 च्या फेब्रुवारीत स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी टुंकू लंडनला आले होते. करारावर सही होण्याच्या आदल्या दिवशी, 7 फेब्रुवारीला, ते किर्बीला गेले आणि 31 ऑगस्ट 1957 ही स्वातंत्र्याची तारीख त्यांनी या विद्यार्थ्यांसमोर सांगितली, असा मलेशियात सर्वत्र सांगितला जाणारा इतिहास आहे. ती बातमी द्यायला तो श्रोतृवर्ग किती योग्य होता! हे शिक्षक परतले आणि देशभरच्या शाळांत रुजू झाले. लंडनच्या वकिलांचे चरित्र सर्वांना ठाऊक असते. किर्बीच्या या शिक्षकांचे काम एका पिढीच्या वर्गांत विखुरलेले आहे, म्हणून ते मोजणे अवघड आहे. पण त्यामुळे ते लहान ठरत नाही.

1963 मध्ये मलेशिया झाला, 1965 मध्ये सिंगापूर वेगळा झाला. तरीही ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मंडळांच्या महासंघाने मलेशिया आणि सिंगापूर ही दोन्ही नावे आपल्या नावात राखली. सरकारांनी रेष ओढली होती, पण ओळखी आणि स्वयंपाकघर तोडण्याचे कारण विद्यार्थ्यांना दिसले नाही. खरा बदल 13 मे 1969 च्या क्वालालंपूरमधल्या दंगलीनंतर आला. 1971 मध्ये नवे आर्थिक धोरण आले. मलय समाजाला विद्यापीठांत राखीव जागा आणि मारा या संस्थेतर्फे परदेशी शिष्यवृत्त्या मिळाल्या. जागा आटल्यामुळे चिनी आणि भारतीय कुटुंबे स्वखर्चाने मुलांना बाहेर पाठवू लागली. त्याच वर्षी राष्ट्रीय संस्कृती परिषद भरली आणि देशाच्या संस्कृतीचा गाभा मलय असेल, असे तिने ठरवले. या विचाराचा ताण किती पुढे गेला होता हे 1979 मध्ये दिसले, जेव्हा गृहमंत्री गझाली शफी यांनी सिंहनृत्याऐवजी वाघाचे नृत्य करावे असे सुचवले, कारण सिंह या भूमीचा प्राणी नव्हे. परदेशातल्या मंडळांना मात्र कोणते नृत्य राष्ट्रीय हे ठरवणारी परिषद नव्हती. त्यांच्या कार्यक्रमात सिंह झापिनच्या मागोमाग येत राहिला. मायदेशात ज्यावर वाद होता ते इथे नेहमीचे होते.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप असा, की हे चित्र फार गोड आहे. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेली मलय मुले आणि वडिलांच्या पैशांवर आलेली चिनी मुले एकाच विद्यापीठात असूनही वेगळी राहत. 1970 च्या दशकात ब्रिटनमधल्या मलय विद्यार्थ्यांत इस्लामी पुनरुज्जीवनाची लाट आली. झैनाह अन्वर यांनी 1987 च्या आपल्या पुस्तकात तिचा अभ्यास केला आहे. नाच, संगीत, मुलामुलींनी एकत्र तालीम करणे हे अनेकांना त्याज्य वाटू लागले. धार्मिक अभ्यासगट हेच त्यांचे मंडळ झाले. हे सारे खरे आहे आणि त्याने माझ्या दाव्याला मर्यादा पडते: सराव सर्वांनी केला नाही. पण ज्यांनी अंग काढून घेतले, त्यांनीही या कार्यक्रमांना करमणूक समजून सोडून दिले नाही. इथे समाज कसा असावा याचे एक चित्र उभे केले जात आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले आणि त्या चित्राला नकार दिला. कार्यक्रम पोकळ असते तर कोणी इतक्या निकराने वाद घातला नसता.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा असतो. पोशाख, पदार्थ आणि नाच यांच्या पलीकडे या संध्याकाळी काय असते? मलय, चिनी आणि भारतीय हे तीन ठोकळे शेजारी मांडले, म्हणजे एकी झाली का? रंगमंचापुरते पाहिले तर यात तथ्य आहे, आणि बोर्नियोतल्या साबा-सारावाकच्या समाजांना त्यात बरेचदा तोंडदेखली जागा मिळते हेही खरे. पण कार्यक्रम रंगमंचाएवढा नसतो. शंभर-दोनशे माणसांचे जेवण करायचे, तर आधी नियम ठरवावे लागतात. डुकराचे मांस मुसलमानांना चालत नाही, गोमांस अनेक हिंदूंना आणि काही बौद्धांना चालत नाही, मांस हलाल हवे, शाकाहारी भांडी वेगळी हवीत. म्हणून रेंडांग मूळचा गोमांसाचा असला, तरी मंडळाच्या पातेल्यात चिकनचा होतो. दारू ठेवायची का, यावर दर नव्या कार्यकारिणीला वाद घालावा लागतो. मेर्डेका म्हणजे स्वातंत्र्य दिन, 31 ऑगस्ट, ब्रिटनमध्ये सुट्टीत येतो, त्यामुळे राष्ट्रीय दिवस कधी साजरा करायचा हेही ठरवायचेच असते. ही तडजोड शिकवणारा तास कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. राजकारण म्हणजे वेगवेगळ्या माणसांनी एकत्र राहण्याच्या अटी ठरवणे असेल, तर त्याचे प्राथमिक शिक्षण या स्वयंपाकघरात होते.

तिसरा आक्षेप मलाया हॉलची आठवण करून देतो: तिथे स्वातंत्र्याची चर्चा होई, आता नुसते नाटक होते, मग ही घसरण नव्हे का? घसरण म्हणण्याआधी कारणे पाहायला हवीत. 1971 मध्ये विद्यापीठ कायदा आला आणि 1974 च्या विद्यार्थी आंदोलनानंतर 1975 मध्ये तो आणखी कडक झाला. विद्यार्थ्यांना राजकीय पक्षात जाण्यास त्याने बंदी केली. तो आणणाऱ्या सरकारचे प्रमुख रझाक होते, म्हणजे मलायन फोरमच्या संस्थापकांपैकी एक. कायदा देशातल्या विद्यापीठांना लागू होता, पण सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्याला आपले भवितव्य कोणाच्या हाती आहे हे सांगावे लागत नसे. पुढे प्रायोजक आले: नोकरभरतीसाठी कंपन्या, आणि 2011 पासून परदेशातले गुणवंत परत आणण्यासाठी स्थापन झालेली टॅलेंटकॉर्प ही सरकारी संस्था. ज्या मंडळाचा खर्च प्रायोजक उचलतो, ते मंडळ वादाचा विषय टाळते. राजकारण अशा रीतीने बाहेर काढले गेले. ते आपोआप विझले नाही. पक्षप्रवेशाची बंदी 2012 मध्ये उठली. 2018 च्या निवडणुकीत टपाली मतपत्रिका परदेशी उशिरा पोचल्या, तेव्हा विद्यार्थी आणि नोकरदारांनी समाजमाध्यमांवरून एकमेकांना गाठून मायदेशी निघालेल्या प्रवाशांच्या हाती त्या पाठवल्या. अनोळखी माणसावर, त्याचा वंश न विचारता, आपले मत सोपवायचे तर विश्वासाची सवय लागते, आणि परदेशात ती सवय लावणाऱ्या जागा फार नाहीत.

फीचा परिणामही या इतिहासात मोठा आहे. थॅचर सरकारने 1980 पासून परदेशी विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चाची फी लावली. ब्रिटनमधल्या परदेशी विद्यार्थ्यांत मलेशियनांचा गट तेव्हा सर्वांत मोठा होता. 1981 च्या ऑक्टोबरमध्ये मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांनी ब्रिटिश माल शेवटी घ्यायचे धोरण जाहीर केले, त्यामागच्या कारणांत ही फीवाढही होती. विद्यार्थ्यांचा ओघ अमेरिका-ऑस्ट्रेलियाकडे वळला. 1980 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत तैवानच्या खालोखाल मलेशियनच होते. मंडळेही त्यांच्यामागे गेली. स्वखर्चाने डॉक्टर व्हायचे असेल, तर भारतही जवळचा होता. मणिपालला मलेशियन मुले येत राहिली, 1997 मध्ये मलाक्का-मणिपाल महाविद्यालय निघाले, आणि मराठी माणसाच्या ओळखीच्या बेळगावात केएलई संस्थेने युनिव्हर्सिटी सैन्स मलेशियाबरोबर वैद्यकीय अभ्यासक्रम चालवला.

आता ओघ उलटला आहे. 1997 च्या आर्थिक संकटात मलेशियाचे चलन रिंगिट घसरले, परदेशी शिक्षण अनेकांच्या आवाक्याबाहेर गेले, आणि परदेशी विद्यापीठेच मलेशियात आली: 1998 मध्ये मोनॅश, 2000 मध्ये नॉटिंगहॅम. तिथे शिकणाऱ्याला ऑस्ट्रेलियाची किंवा ब्रिटनची पदवी घरबसल्या मिळते. मात्र घरापासून दूर, एकमेकांवाचून ज्यांचे चालत नाही अशा परक्या वंशाच्या देशबांधवांबरोबर राहण्याची गरज त्याला पडत नाही. त्याला त्याचा गट कॉलेजच्या फाटकाबाहेरच सापडतो. जे एकत्र येणे परदेशात गरजेने घडले, ते मायदेशात मुद्दाम घडवावे लागेल, आणि त्यासाठी किर्बीच्या वसतिगृहाचा अभ्यास मलेशियाच्या शिक्षणखात्याने मलाया हॉलच्या भाषणांइतकाच गांभीर्याने करायला हवा.