मूर्खांचा सण
मध्ययुगीन फ्रान्समधील मोठमोठ्या चर्चांतून नाताळानंतरच्या दिवसांत कनिष्ठ पाद्री ‘मूर्खांचा सण’ साजरा करीत. मानाचा दंड त्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाच्या हाती येई. १४३५ साली बाझलच्या धर्मपरिषदेने मनाई केली, तरी सण थांबेना. म्हणून १४४५ साली पॅरिस विद्यापीठाच्या धर्मशास्त्र्यांनी कडक निषेधपत्र काढले. सणाच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद त्या पत्रातच नमूद आहे: मद्याच्या पिंपाचे बूच अधूनमधून उघडले नाही, तर पिंप फुटते.

दाखला चटकदार खरा. पण मला तो मालकाच्या तोंडचा वाटतो. पिंप शाबूत राहावे, एवढीच त्यात चिंता! गिरणीच्या दरवाजावर साहेबाची नक्कल करणारे आमचे कामगार काही बॉयलर वाचवण्यासाठी नक्कल करीत नसत. वर्षभर खालच्या पायरीवर उभा राहणारा तो पाद्री हसत हसत वरच्या आसनावर बसे, आणि तेही देवाच्याच घरात. वरिष्ठांना नेमके तेच खुपले असावे.