तळटीप : बर्फावरची गस्त

लेखकाने ज्यांना 'बर्फावरचे फौजदार' म्हटले आहे, ते कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या पोलीसदलाचे अंमलदार होत; हिवाळ्यात ते स्वतःच स्नोमोबाईलवर स्वार होऊन अरण्यातील वाटांवर गस्त घालतात. या वाटांवर वेगाची मर्यादा ताशी 50 किलोमीटर असून शिरस्त्राण सक्तीचे आहे. आणि पुष्कळशा वाटा खाजगी जमिनींतून, केवळ मालकांच्या मर्जीने, गेलेल्या असल्यामुळे एखाद्या उद्दाम स्वाराच्या आगळिकीने सबंध वाटच बंद होण्याची धास्ती असते. मद्यपानाच्या बाबतीत कायदा मोटार व स्नोमोबाईल असा भेद मानीत नाही : 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम मद्यार्क आढळला की तो फौजदारी गुन्हा ठरतो, आणि मोटारीचा परवानाही तहकूब होतो. हा कडकपणा अनाठायी नव्हे. गोठलेल्या सरोवरावरील बर्फ सर्वत्र सारखा जाड नसतो. ओढ्याच्या मुखाशी तो पातळच राहतो, वर भुसभुशीत हिमाचा थर साचला की त्याची वाढ मंदावते, आणि रात्री, दिव्याच्या पल्ल्याबाहेर वेग गेला, की समोरचे उघडे पाणी दिसूनही वाहन थांबविता येत नाही. म्हणूनच जाणते स्वार तरंगता पोशाख करतात आणि, बुडता बुडता बर्फाच्या कडेला रोवून वर चढण्यासाठी, दोन अणकुचीदार टोचे गळ्यात अडकवून ठेवतात. — संपा.